केस पेपर कुणाच्या हाती?

मानसिक आजार, पोलीस ठाणं आणि कारागृह या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून गाळली, जिल्हे तेवढे ठेवले. उत्तरं एक मनोविकारतज्ज्ञ आणि फौजदारी कामं पाहणारे एक वकील यांनी मिळून लिहिली आहेत.

पत्रं वाचताना एक उलटा प्रकार वारंवार दिसला. कोणती गोळी, किती, शेवटची कधी घेतली ही माहिती धावत जायला हवी, पण ती वाटेतच अडते. आजाराचं नाव, घरातली भांडणं, डॉक्टरांना सांगितलेलं मनातलं जागचं हलायला नको, पण ते दुसऱ्या दिवशी गावभर झालेलं असतं. खालची उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवा.

माझा धाकटा भाऊ मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाला. गेली सहा वर्षं त्याला मनोविकारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत. पोलीस कोठडीत दोन दिवस गोळ्या मिळाल्या नाहीत, आता तो न्यायालयीन कोठडीत आहे. कारागृहात विचारलं तर ‘डॉक्टरांचं पत्र आणा’ म्हणतात, डॉक्टर म्हणतात ‘पेशंटच्या सहीशिवाय पत्र देता येत नाही’. काय करू? (बहीण, जि. सोलापूर)

आधी डॉक्टरांची अडचण सोडवू, कारण ती मुळात अडचण नाहीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला सांगितलं आहे आणि तिथेच अपवादही दिले आहेत. दुसऱ्या डॉक्टरला उपचार करता यावेत म्हणून माहिती देणं हा त्यातलाच एक. कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी हे डॉक्टरच आहेत. तेव्हा तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी थेट त्यांच्या नावे औषधांची चिठ्ठी द्यायला सहीची गरज नाही. हे कलम डॉक्टरांना दाखवा, बहुतेक जण लगेच पत्र देतात. संमती मिळण्यासारखी असेल तर घ्यावीच, पण तिच्यावाचून गोळी थांबवायची नाही.

पत्र एका पानाचं असावं. फाइल जोडू नये. त्यात काय असावं याचा नमुना:

‘प्रति, वैद्यकीय अधिकारी, अमुक कारागृह. विषय : चालू औषधोपचार. लिथियम ३०० मिग्रॅ, सकाळी एक, रात्री दोन. ओलॅन्झापिन १० मिग्रॅ, रात्री एक. क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ, रात्री एक. शेवटचा डोस : अमुक तारीख, रात्री. रक्तातील लिथियमची शेवटची तपासणी : तारीख व आकडा. ॲलर्जी : नाही. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न : एकदा, अमुक साली. औषध अचानक बंद झाल्यास धोका : फिट येणे, आजार उलटणे. संपर्क : डॉक्टरांचा क्रमांक.’

औषधाचं मूळ नाव लिहायचं, कंपनीचं नको. कारागृहातल्या पुरवठ्यात तो ब्रँड नसतो, मग ‘उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो आणि तेच औषध दुसऱ्या वेष्टणात कपाटात पडून राहतं. अक्षर छापील असावं.

‘शेवटचा डोस’ ही ओळ का महत्त्वाची तेही सांगतो. क्लोझापिन हे मनोविकारावरचं औषध ४८ तासांपेक्षा जास्त खंडलं तर पूर्वीच्या डोसवर परत सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं. हे माहीत नसलेल्या माणसाने ३०० मिलिग्रॅम एकदम दिलं तर रक्तदाब कोसळू शकतो. क्लोनाझेपामसारखी गोळी बरेच महिने चालू असताना तुटली तर फिट येऊ शकते. लिथियमचा घोळ वेगळाच: औषध बरोबर मिळतं, पण पाणी कमी पडतं, जुलाब होतात किंवा अंगदुखीवर डायक्लोफेनॅक दिलं जातं, आणि रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासायला हवं. महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर पुढच्या इंजेक्शनची तारीख ठळक लिहा. गोळी नाही म्हणून ‘औषध चालू नाही’ असं धरलं जातं आणि तारीख निघून जाते.

ट्रायहेक्सीफेनिडिल चालू असेल तर तेही कारणासह लिहा. ही गोळी नशेसाठी वापरली जाते म्हणून कारागृहात तिच्याकडे संशयाने पाहतात आणि तो संशय अगदीच निराधार नसतो. ‘ओलॅन्झापिन किंवा हॅलोपेरिडॉलमुळे येणाऱ्या ताठरपणासाठी’ एवढी ओळ असली की ती काढून घेतली जात नाही.

पत्रात काय नको? ‘आजाराच्या भरात शेजाऱ्याला मारलं होतं’, ‘घरच्यांवर संशय घेतो’ असलं काही नको. हा कागद कारागृहातल्या लिपिकापासून कोर्टाच्या फाइलपर्यंत कुठेही जाऊ शकतो. उपचाराला लागत नाही ते त्यात येताच कामा नये.

आता कागद पोचवायचा कसा. नुसता हातात दिलेला कागद हरवतो, म्हणून तीन वाटा एकदम धरा. एक, कारागृहाच्या आवक विभागात प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. दोन, पुढच्या रिमांडच्या तारखेला वकिलांमार्फत अर्ज करा: ‘चालू औषधोपचार खंड न पाडता द्यावा, मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करावी आणि पुढच्या तारखेला वैद्यकीय अहवाल सादर करावा.’ शेवटचा भाग विसरू नका. अहवाल मागितला नसेल तर आदेश निघतो आणि तिथेच थांबतो. आदेशाची प्रत स्वतः नेऊन कारागृहात द्या, टपालावर भरवसा नको. तीन, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला मोफत विधी सेवेचा हक्क आहे आणि तो सांगणं हे पोलीस, दंडाधिकारी, कारागृह अधीक्षक या तिघांचंही कर्तव्य आहे. दूरध्वनी १५१००.

बाहेरच्या सरकारी रुग्णालयात नेण्याची तारीख मिळूनही नेलं जात नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे पोलीस गार्ड मिळाला नाही. त्या दिवशी संध्याकाळी फोन करून ‘गेला का?’ विचारा. नसेल तर दुसऱ्याच दिवशी कोर्टात लेखी कळवा.

तुम्हाला स्वतःला त्याच्या प्रकृतीची माहिती हवी असेल तर भावाकडून नामनिर्देशन करून घ्या. कोऱ्या कागदावर, ‘मी माझ्या बहिणीला कलम १४ प्रमाणे माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतो’ आणि खाली सही किंवा अंगठा. स्टँप पेपर लागत नाही. तुमची लेखी संमती सोबत जोडा. कारागृहातल्या मुलाखतीच्या, म्हणजे नातेवाइकांच्या भेटीच्या, वेळी किंवा वकिलांच्या भेटीत हे होतं. त्यानंतर तुमचं काम चालवण्यापुरती माहिती तुम्हाला देता येते आणि ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न उरत नाही.

जामीन होईल तेव्हाचीही तयारी ठेवा. सुटकेचा आदेश अनेकदा संध्याकाळी पोचतो आणि त्या वेळी दवाखान्यात औषध देणारा माणूस नसतो. कैदी रिकाम्या हाताने बाहेर येतो. जामिनाच्या सुनावणीआधीच घरी दोन आठवड्यांचा साठा आणून ठेवा आणि आतल्या उपचाराची नोंद वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी मागा. आत डोस बदलला असेल तर बाहेरच्या डॉक्टरांना तो कळलाच पाहिजे.

तालुक्याच्या गावी माझं मनोविकाराचं क्लिनिक आहे. एका हवालदारांनी येऊन ‘साहेबांनी या माणसाचा सगळा केस पेपर मागितलाय’ असं तोंडी सांगितलं. चोरीचा तपास आहे म्हणाले. नाही म्हटलं तर ‘तपासात अडथळा’ होईल अशी भीती घातली. अशा वेळी नेमकं काय द्यायचं? (डॉक्टर, जि. बीड)

तोंडी मागणीवर काहीच द्यायचं नाही. तो माणूस तुमचा रुग्ण आहे की नाही हेसुद्धा नाही. मनोविकारतज्ज्ञाच्या बाबतीत ‘हो, येतो’ हीच माहिती झाली. हवालदारांना चहा द्या आणि लेखी पत्र मागा. त्यात अपमान नाही, त्यांच्या वरिष्ठांनाही ते ठाऊक असतं.

पत्र आलं की पाहायचं ते असं: जावक क्रमांक, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलमं, तपास अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा, मागणी कोणत्या कलमाखाली केली आहे आणि नेमकं काय हवं आहे. ‘सर्व कागदपत्रे’ हे नेमकं नव्हे. बहुतेक पत्रं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली येतात; हेच पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९१. या कलमाखाली ठाणे अंमलदाराला कागद मागता येतो, हे खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १२० सांगतं की दुसऱ्या कायद्याशी विसंगती आली तर हा कायदा वरचढ. आणि कलम २३ माहिती सोडण्याच्या वाटा मोजून देतं: नामनिर्देशित प्रतिनिधी, उपचार करणारे इतर, दुसऱ्या कुणाला इजा किंवा जिवाला धोका टाळण्यापुरती माहिती, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा (पुढे नुसतं ‘मंडळ’), केंद्रीय मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा, उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा किंवा सक्षम वैधानिक प्राधिकाऱ्याचा आदेश, आणि सार्वजनिक सुरक्षितता. पोलीस ठाणं हा ‘सक्षम वैधानिक प्राधिकारी’ धरायचा का, यावर वाद घालता येतो. आमच्या मते चोरीच्या तपासासाठी धरू नये आणि डॉक्टराने तो निर्णय स्वतः न घेता कोर्टावर सोपवावा. मात्र पत्राला उत्तर न देणं ही चूक. कायद्याने बांधील असताना कागद सादर न करणं हा वेगळा गुन्हा आहे. म्हणून दोन-तीन दिवसांत लेखी उत्तर जाऊ द्या:

‘आपलं पत्र जा.क्र. अमुक, दिनांक अमुक मिळालं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ अन्वये अशी माहिती गोपनीय आहे. संबंधित व्यक्तीची लेखी संमती किंवा सक्षम न्यायालयाचा अथवा मंडळाचा आदेश मिळाल्यास, आदेशात नमूद केलेली कागदपत्रं सीलबंद लिफाफ्यात न्यायालयात सादर करू. सदर व्यक्ती या दवाखान्यात उपचार घेते किंवा नाही, याबद्दल या पत्रावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.’

पोच घ्या. एक प्रत तुमच्याकडे.

आदेश आला की त्यात मागितलं तेवढंच द्या. २०२२ ते २०२४ ची औषधांची नोंद मागितली असेल तर २०१९ ची फाइल जोडू नका. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर सही-शिक्का, मूळ कागद तुमच्याकडे आणि प्रमाणित प्रत लिफाफ्यात. मूळच हवं असा आदेश असेल तर आधी संपूर्ण प्रत काढा, पंचनाम्याची किंवा पावतीची प्रत घ्या, मगच हातातून सोडा. संगणकावरच्या नोंदी असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं दोन भागांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा, लिहायचं असतं आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. हे आयत्या वेळी जमत नाही.

आणि रुग्णाच्या फाइलला एक पान कायमचं लावून ठेवा: कोणत्या तारखेला, कोणाला, कशाच्या आधारे, कोणती पानं दिली. चार वर्षांनी साक्षीला उभं राहाल तेव्हा हे पान तुम्हाला वाचवेल.

आपल्याकडे वकिलाला अशिलाबद्दल जे संरक्षण आहे तसं डॉक्टरला नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात न्यायाधीशांनी सांगितलं तर उत्तर द्यावं लागतं. तिथेही ‘हे गोपनीय आहे, न्यायालयाचा आदेश असेल तर सांगतो, शक्य असल्यास बंद कक्षात ऐकावं’ असं म्हणून नोंद करून घेता येते. याचा दुसरा अर्थ असा की फाइलमध्ये लिहितानाच विचार हवा. ‘रुग्णाने सांगितलं की त्याच रात्री तो तिथे होता’ असली ओळ उपचाराला कशी उपयोगी पडते, हे स्वतःला विचारून मगच लिहा. पोलिसांपुढची कबुली बाद होते, डॉक्टरांना सांगितलेलं तसं आपोआप बाद होत नाही.

भीतीच्या मुद्द्याला उलट बाजूही आहे. रुग्ण तुमच्यासमोर बसून ‘उद्या सासऱ्याला संपवतो’ म्हणाला, हत्यार आणि वेळ सांगितली, तर संमतीची किंवा आदेशाची वाट बघत बसायचं नाही. ज्याला धोका आहे त्याला आणि पोलिसांना फोन करा. सांगायचं ते धोका टळण्यापुरतं: कोण, कुणाला, काय करणार म्हणाला, आत्ता कुठे आहे, हत्यार आहे का. निदान, जुनं ॲडमिशन, लहानपणीच्या गोष्टी यांची पोलिसांना या घडीला गरज नाही. ‘रुग्ण उपचाराखाली आहे, झटापट टाळावी, घेऊन या’ एवढं मात्र जरूर सांगा. त्याने त्या माणसाचाही जीव वाचतो.

रात्रीच्या गस्तीत एसटी स्टँडवर एक बाई सापडल्या. स्वतःशीच बोलत होत्या, नाव सांगत नाहीत. आमच्याकडे अजूनही आधी कोर्टाचा आदेश घ्या, मग मेंटल हॉस्पिटलला न्या, असं सांगतात. रुग्णालय आम्हाला काय सांगू शकतं? फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तर चालेल का? (पोलीस उपनिरीक्षक, जि. रत्नागिरी)

‘आधी आदेश’ ही १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्याची सवय. आताच्या २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० प्रमाणे तुम्ही त्यांना संरक्षणात घ्यायचं आणि जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात न्यायचं, लवकरात लवकर, पण २४ तासांच्या आत. ‘जवळचं’ म्हणजे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयही चालतं. प्रादेशिक मनोरुग्णालयच गाठायला हवं असं नाही. राज्यात ती चारच आहेत, पुण्याला येरवडा, ठाणे, नागपूर आणि तुमच्याच जिल्ह्याच्या गावी, रत्नागिरीला. लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही, रात्रीपुरतंही नाही.

तुमच्याकडून डॉक्टरांना जाणारं पत्र भरगच्च हवं: कुठे, किती वाजता सापडल्या, अंगावर जखमा, कोणत्या भाषेत बोलतात, कोणतं गाव-नाव तोंडी येतं, जवळच्या पिशवीत काय होतं, काही खाल्लं का. रुग्णालयाकडून तुम्हाला येणारं उत्तर त्या मानाने मोजकं असेल: दाखल केलं, किंवा दाखल करण्याची गरज नाही. गरज नसेल तर घरी, आणि घर नसेल तर शासकीय निवारागृहात पोचवणं तुमच्याकडे. बेघर किंवा भटकणारी व्यक्ती असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही तुमचंच काम. शोधासाठी पत्ता, नातेवाइकांची नावं, गावाची खूण असं काही त्या नंतर बोलल्या तर रुग्णालयाने तुम्हाला कळवावं. निदान विचारू नका, शोधाला ते लागत नाही.

फोटो पोलिसांच्या हरवलेल्या व्यक्तींच्या यंत्रणेत आणि इतर ठाण्यांना पाठवा. ‘मनोरुग्ण महिला’ हे शब्द, रुग्णालयाचं नाव, खाटेवरचा फोटो हे तिन्ही टाळा. पत्रकारांच्या ग्रुपवर मुळीच नको: उपचाराखालच्या व्यक्तीचा फोटो वा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना द्यायला कलम २४ ची मनाई आहे. या कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मुलीने परीक्षेच्या ताणातून उंदराचं औषध घेतलं. ती वाचली. रुग्णालयाने पोलिसांना कळवलं. तिच्यावर गुन्हा होईल का? कॉलेजला कळेल का? (आई, जि. नाशिक)

नुसत्या प्रयत्नाबद्दल गुन्हा होणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत दंड संहितेचं आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्याला कामापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच आता गुन्हा आहे.

विषबाधा ही मेडिको-लीगल केस म्हणून नोंदते, त्यामुळे रुग्णालयाने कळवणं रीतसर आहे. त्या सूचनेत नाव, वय, काय घेतलं, किती वाजता आणलं आणि ‘जबाब देण्याच्या स्थितीत आहे किंवा नाही’ एवढं असतं. हा शेवटचा शेरा डॉक्टरांचा आहे, घाईने घेऊ देऊ नका. जबाब मुलगी नीट शुद्धीवर आल्यावर, शक्यतो महिला अंमलदारापुढे, तुम्ही जवळ असताना व्हावा. समुपदेशनाच्या नोंदी जबाबाला जोडायच्या नसतात. कॉलेजला कळवण्याचं पोलिसांना किंवा डॉक्टरांना काही कारण नाही. हजेरीसाठी दाखला लागेल तेव्हा ‘वैद्यकीय कारणासाठी दाखल’ एवढंच लिहून मागा. घरी आल्यावर काही वाटलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर कधीही बोलता येतं.

मी शाळेत समुपदेशक आहे. नववीतल्या मुलीने एका नातेवाइकाबद्दल सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणाली. गोपनीयता पाळू का? (फोंडा, गोवा)

नाही. पॉक्सो कायद्याचं कलम १९ इथे लागू होतं: १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकाला सूट नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. मुख्याध्यापकांना सांगून तुमची जबाबदारी संपत नाही.

कळवायचं ते मुलीच्या शब्दांत: काय, कोण, कधी, कुठे. तुमचे तर्क नकोत, तपासून घेण्यासाठी उलटसुलट प्रश्न नकोत. नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या. समुपदेशनाची पूर्ण फाइल द्यायची गरज नाही. पोलिसांना ती हवीच असेल तर वर बीडच्या डॉक्टरांना सांगितलेली वाट धरा. आणि मुलीला आधी सांगा. ‘हे मी एकटीने सांभाळू शकत नाही, म्हणून अमुक बाईंना सांगणार आहे, मी तुझ्यासोबत येईन’ हे वाक्य पोलीस गाडी दारात येण्याआधी तिच्या कानावर पडलं पाहिजे. पुढच्या वर्षापासून पहिल्याच तासाला मुलांना सांगत चला की कोणती गोष्ट पोटात राहील आणि कोणती राहणार नाही.

मुलावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला आहे. त्याला आधीपासून स्किझोफ्रेनिया आहे. वकील म्हणतात सगळे कागद कोर्टात लावू. लावल्याने फायदा होतो की नुकसान? (वडील, जि. अमरावती)

दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत झाली की कागदही चुकीच्या वेळी लागतात.

पहिला प्रश्न आजचा: मुलाला खटला समजतो का, वकिलाला माहिती देता येते का? हा नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६७ व ३६८ कलमांचा विषय. दंडाधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी करवतात, ते सरकारी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवतात. तो बचाव करू शकत नाही असं ठरलं तर कामकाज पुढे ढकलतात. दाखल ठेवण्याची गरज नसेल आणि नातेवाईक बाह्यरुग्ण उपचाराची व इजा टाळण्याची हमी देत असेल, तर कलम ३६९ खाली गुन्हा जामीनपात्र नसतानाही सुटका होऊ शकते. यासाठी अलीकडचे कागद लागतात.

दुसरा प्रश्न त्या दिवसाचा: कृत्य करताना त्याला ते काय आहे, किंवा ते चूक आहे, हे कळत होतं का? हा न्याय संहितेच्या कलम २२ चा विषय, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ८४. हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. नुसतं निदान पुरत नाही. आजार असूनही त्या क्षणी समज होती असं कोर्ट म्हणू शकतं. इथे घटनेच्या आधीचे आणि लगतचे कागद मोलाचे: आदल्या महिन्यातली चिठ्ठी, औषध संपल्याची तारीख दाखवणारी मेडिकलची बिलं, अटकेनंतरच्या पहिल्या तपासणीची नोंद. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खालच्या त्या तपासणीच्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळते. बहुतेक घरं ती मागतच नाहीत.

नुकसान कुठे होतं? एकदा फाइलचा आधार घेतला की निवडक पानं दाखवता येत नाहीत. सरकारी वकील उलटतपासणीत उरलेली पानंही काढतात. ‘गोळ्या मुद्दाम फेकतो’, ‘शेजाऱ्यावर राग’ अशी एक ओळ पुरते. म्हणून कोर्टात लावण्याआधी वकिलांनी मुलाच्या डॉक्टरांसोबत बसून पूर्ण फाइल वाचावी. मूळ नोंदी हव्या असतील तर रुग्णाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला रुग्णालयाकडे अर्ज करता येतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या नियमांप्रमाणे दाखल असतानाच्या नोंदी १५ दिवसांत मिळायला हव्यात.

कोर्टाकडून तपासणीसाठी येणाऱ्या डॉक्टरांशी मुलाने बोलावं, पण हे डॉक्टर उपचारासाठी आलेले नाहीत हे त्याला आधी समजावा. तिथे बोललेलं अहवालात जातं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच हा अहवाल द्यायला लावणं आम्हाला पसंत नाही. एक तर रुग्णाचा विश्वास तुटतो, नाहीतर अहवालाचं वजन जातं. तुमच्या कागदांना समोरच्या बाजूने आव्हान दिलं, तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे कोर्ट हा प्रश्न मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवतं. मंडळ स्वतः किंवा तज्ज्ञांच्या समितीमार्फत तपासून मत कळवतं.

सगळ्याच्या शेवटी तुमच्या मनात ‘पेपरात नाव येईल’ ही धास्ती असणार. अर्ज करा. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजाराचा विचार करून फाशीची जन्मठेप केली, आणि निकालपत्रात त्या कैद्याचं नाव ‘आरोपी एक्स’ असंच ठेवलं. तुमच्या वकिलांनी त्या निकालाची प्रत जोडून नाव झाकण्याची आणि वैद्यकीय कागद सीलबंद ठेवण्याची विनंती पहिल्याच तारखेला करावी. दोषारोपपत्राच्या प्रती वाटून झाल्यावर तिचा फारसा उपयोग उरत नाही.

जाता जाता, मुलगा आत असताना एक विचारून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी मंडळाला अहवाल पाठवायचा असतो, आणि कायद्याची भाषा अशी विचित्र आहे की ‘या कारागृहात मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही’ असं प्रमाणित करायचं असतं. तुमच्या मुलाचं नाव औषधाच्या यादीत असताना त्या तिमाहीत असं प्रमाणपत्र गेलं का, ते मंडळाकडे लेखी विचारा. आणि कारागृहात मानसोपचार कक्ष नसेल तर मंडळाच्या परवानगीने त्याला बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवता येतं, तो अर्ज त्याच पत्रासोबत जोडा.